खारट

पहिल्या चार धारा काळ्या कपात घ्यायच्या,
हे मला तिनंच शिकवलं.
मी आठ वर्षांचा, बुटांत पाणी,
आणि इदालीना म्हणायची,
"काळ्यावर काही लपत नाही, पोरा."

आज सहकारी डेअरीचा पांढरा डगला घालून
मी तिच्या कुरणात उभा.
खाली समुद्र, पलीकडे पिकोचा डोंगर
गळ्यापर्यंत ढगात,
आणि अंदोरिन्या, तिची सात वेतांची गाय,
मागचा डावा पाय टेकवेना.
कासेला हात लावला तर चटका.
एका बाजूला दगड.

तीन सडांनी रोजच्यासारखं दिलं.
चौथ्यातून गुठळ्या, पिवळट पाणी,
शेवटी एक लालसर धागा.
तबकाच्या चार खळग्यांत जांभळं औषध ओतून मी गोल फिरवलं.
तीन हिंदकळले.
चौथ्यातलं शेंबडासारखं गोळा होऊन
मधोमध बसलं.

गायीचं अंग आत लढत असतं.
तिच्याच पांढऱ्या पेशी दुधात उतरून मरतात
आणि आम्ही त्या मोजतो,
लिटरमागे पैसे कापायला.

इदालीनानं बोट बुडवलं, जिभेला लावलं.
"खारट," ती म्हणाली. थुंकली.
"कालही होतं. मला वाटलं,
वाऱ्यानं समुद्र आणला असेल."

कालचं दूध एकोणीस घरांच्या दुधात मिसळून
तांब्याच्या कढईत गेलंय.
चीजचं चाक सध्या फळीवर गुळगुळीत आहे.
तीन महिन्यांनी फुगेल,
किंवा चिरेल,
किंवा नुसतंच कडू निघेल
आणि कुणामुळे ते कुणालाच कळणार नाही.

माझं पेन थांबलेलं तिनं पाहिलं.
"लिही," म्हणाली. "कालचंसुद्धा.
माझ्या नावात दोन 'ल' घालू नकोस, तुझा बाप घालायचा."

मग सडात औषधाची नळी.
आता पाच दिवस चारी सडांचं सांडायचं,
निरोगी तिघांचंही.
तिनं कपाळ गायीच्या कुशीला टेकवलं,
हातानंच पिळायला घेतलं, दर दोन तासांनी,
आणि काहीतरी पुटपुटत राहिली,
तेव्हा अंदोरिन्यानं पान्हा सोडला,
दुखऱ्या सडालासुद्धा.

बादली तिनं कुंपणापाशी उपडी केली.
ज्वालामुखीच्या काळ्या दगडांवर
दूध बराच वेळ दिसत राहिलं.