नोंद घेऊ नकोस

तपकीर गल्लीतल्या माझ्या टेबलावर
हा खोका आला तेव्हा साखरेच्या पोत्यात होता.
रिक्षातून उतरवताना ढमढेरे बाई म्हणाल्या,
"चालतो हो. फक्त फार विचार करतो."

खरं होतं.
बटण दाबलं की सव्वाचार मिनिटं.
तेवढ्यात चहा येई, पिऊन होई,
पडद्यावर अजून नुसता पेंग्विन.
हार्ड डिस्कला कान लावला:
सुपारी कातरल्याचा आवाज,
मध्येच थांबणारा,
कातरणाऱ्याला काहीतरी आठवल्यासारखा.

एक जीबी रॅम, साल दोन हजार आठ.
"नवीन घ्या" हे मी दिवसातून तीसदा म्हणतो.
जिभेवर आलंही,
पण बाईंनी पिशवीतून आधीच काढून ठेवला होता
नारळाच्या वड्यांचा डबा.

मग लागलो.
आधी शोभा उतरवली: खिडक्यांच्या सावल्या,
विरघळत उघडणारे मेनू, कोपऱ्यातलं हवामान.
जड डेस्कटॉप काढून हलका घातला.
बंद केले न बोलावता आलेले सगळे:
ब्लूटूथवाला (या खोक्याला ब्लूटूथ नाहीच),
घरात नसलेल्या प्रिंटरची वाट बघणारा,
आणि रोज फायलींची नावं गोळा करून
यादी करत बसणारा एक,
ज्याला आजवर कुणी काही विचारलं नव्हतं.
स्वॅपचा आकडा साठवरून दहावर:
हातातलं लगेच माळ्यावर टाकू नकोस, बाबा.

राहिली एक ओळ.
डिस्कची जुनी खोड असते.
फाइल लिहिली तर नोंद, ते ठीक,
पण नुसती वाचली तरी नोंद.
तारीख, तास, मिनिट.
डोकावलात? वहीत सही करा.
प्रत्येक वाचण्याच्या पाठीमागे एक लिहिणं,
म्हाताऱ्या डिस्कला झेपत नाही ते.
एक शब्द घालायचा, नोएटाइम,
आणि ती सोडून देते.

घालण्याआधी सवयीनं बघितलं
कोणती फाइल कधी वाचली गेली.
बरंचसं कालचं, माझंच.
एक वेगळी. नाव: पाणी.
शेवटचं लिहिलेलं सोळा मार्च.
शेवटचं वाचलेलं सतरा मार्च,
पहाटे चार वाजून बावीस.

उघडली नाही. फोन केला.

"ह्यांची ती," बाई म्हणाल्या.
नळाला पाणी कधी आलं, किती वेळ, किती जोरात,
अकरा वर्षं मांडत होते,
महापालिकेला दाखवायला.
त्या पहाटे आलंच नव्हतं.
उठले, नळ बघितला, संगणक लावला,
लिहायला काही नव्हतं.
"सहाला मी चहा घेऊन गेले, तर..."
पलीकडे कुकरची शिट्टी झाली.
पुढचं मीही विचारलं नाही.

"मी उघडलेली नाही अजून," त्या म्हणाल्या.
"वाटतं, काहीतरी पुसलं जाईल."

मी संगणक दुरुस्त करतो, बाईंना काय सांगणार.
भीती बरोबर होती.
कालपर्यंत पुसलं गेलं असतं.

स्वल्पविराम दिला, तो शब्द टाइप केला.
रीस्टार्ट. एकोणपन्नास सेकंद.

पावतीवर लिहिलं:
सफाई, चारशे रुपये.
डिस्कवर नऊ डाग आहेत, आणखी पडतील.
कॉपी मी करून देईन, तुम्ही करू नका,
तारखा सांभाळून करावी लागते.
आणि खाली, जागा उरली नव्हती म्हणून तिरकं:
'पाणी' आता कितीही वेळा उघडा.
डिस्क बघणार नाही.
शेवटचे वाचणारे तेच राहतील.

वड्यांचा डबा धुतला.
रिकामा परत देऊ नये म्हणतात,
म्हणून आत एक जीबीची जुनी रॅम ठेवली,
रुमालात गुंडाळून.
लावायला गुरुवारी येतो म्हणालो.

"गुरुवारी नको," बाई म्हणाल्या,
"गुरुवारी पाणी नसतं. चहाचे वांधे."
मग थांबल्या.
"नाहीतर या. लिहायला तरी होईल."