काज

भरतीला शिवाजीनगरच्या मैदानावर
उंची मोजायची पट्टी जराशी कलली होती.
शिंप्याची लेक मी, सूतभर फरक मला दिसतो.
माझ्या पुढची पोरगी
अर्ध्या सेंटिमीटरनं घरी गेली
आणि मी गप्प उभी, आपला नंबर येईल म्हणून.
ती टाचणी अजून आत कुठेतरी आहे,
वाकलं की टोचते.

तू विचारलंस रेवती,
मॅडम, या खात्यात टिकायला काय लागतं?
आठशे मीटर तू माझ्याहून जोरात धावतेस,
नवा कायदा तुला कलमांसकट पाठ,
मी अजून चारशेवीसच म्हणते.
बस. रात्रपाळी लांब आहे.

मागच्या थंडीत स्वारगेट स्टँडवर
सांगली गाडीच्या फलाटाशी एक म्हातारा सापडला.
नाव नाही, गाव नाही, खिशात एक आवळा.
साहेबांनी मोठ्यानं विचारलं,
खांडेकरनं हिंदीत,
एकानं तर कानडीत.
तो सगळ्यांकडे बघून हसत होता,
पंगतीत वाढपी विसरून गेलेल्या पाहुण्यासारखा.

मी त्याची कॉलर उलटली.

आत कापडी बिल्ला, धुऊन धुऊन पांढरा,
दुकानाचं नाव उडालेलं, ‘भवानी पेठ’ उरलेलं,
फोन सहा आकडी.
आणि काजं हाताची.
मशीनचं काज एकदम उसवतं, हाताचं झिजत जातं.
अण्णा म्हणायचे, नाव कशाला विचारतेस,
काज बघ, शिंपी कळतो.

त्या जागी आता मोबाइलची कव्हरं मिळतात.
शेजारचा छत्रीवाला म्हणाला,
ते होय? ते गेले धनकवडीला, लेकाकडे.
चौथा मजला, लिफ्ट बंद.
मापाची वही लाल फडक्यात बांधलेली,
पण ती सोडावी लागलीच नाही.
डोळे गेलेल्या त्या माणसानं शर्ट नुसता चाचपला:
‘डावा खांदा पाऊण इंच खाली.
मार्केटयार्डातला हमाल. लोंढे.
भिकोबा लोंढे. गुळाच्या ढेपा वाहायचा.’

सकाळी लेक आला.
आभार वगैरे काही नाही, बापालाच खडसावलं,
मग पायरीवर उकिडवा बसून
त्याच्या सँडलचा बंद लावला.
मी डायरीत लिहिलं:
ताब्यात दिले, आठ वाजून दहा मिनिटे.
आवळा माझ्या ड्रॉवरमध्येच राहिला.

एवढ्यावरून मला हुशार समजू नकोस.
सात वर्षांपूर्वी, याच टेबलापाशी
एक पोरगा विचारलेलं सांगेना
म्हणून मी त्याच्या कानफटात मारली.
त्याला ऐकूच येत नव्हतं.
घरी सांगितलं, चौदा तास ड्युटी झाली होती.
खरं होतं ते.
पण त्या रात्री मला कॉलर दिसली नाही,
बाही दिसली नाही, काहीच दिसलं नाही,
आणि त्यानं गाल धरून
दुसऱ्या हाताच्या अंगठ्यानं
माझ्याकडेच पाणी मागितलं.

धनकवडीहून निघताना त्या शिंप्यानं
माझ्या खाकीच्या खांद्याला एक बोट लावलं.
‘तुझाही उजवा उतरलाय, बाई. काय वाहतेस?’
मी म्हटलं, वॉकीटॉकी. नाहीतर भाजीची पिशवी.
दोघंही हसलो,
पण बोट त्यानं लगेच उचललं नाही.

तुझे खांदे अजून सरळ आहेत.
तू बसलीस तेव्हाच पाहिलं मी.

बरं, ते राहू दे. ती बघ, गेटपाशी,
पोरगी, एकाच पायात चप्पल,
पाठीमागे कुणी असल्यासारखी चालतेय.
काठी ठेव इथंच.
बाटली घे.
आधी पाणी. नाव नंतर.