हातभर दांडा

माळ सोडून सासूबाई उलानबातरला आल्या
तेव्हा बोचक्यात दोन अंगरखे,
वाळवलेलं मटण
आणि हातभर दांड्याचं तांब्याचं ओगराळं.

चहा खळखळला, दूध पडलं, मीठ पडलं
की त्या ओगराळं भरून उंच नेतात,
धार सोडतात. पुन्हा उंच. पुन्हा धार.
मोजत नाहीत.
हात थांबतो तेव्हा चहा झालेला असतो.

तंबूत वर धुराड्याचं भोक होतं, त्यापलीकडे आभाळ.
इथे शेगडीवर कपाट.
दांडा खट्‌कन लागतो, रोज त्याच जागी.
फळीला नखाएवढा खळगा पडलाय.

मी आखूड दांड्याचं आणलं, स्टीलचं, चकचकीत.
ते त्यांनी नातवाला वाजवायला दिलं.

पहिलं ओगराळं आभाळाचं.
सातव्या मजल्याची खिडकी उघडून त्या भिरकावतात.
जानेवारीत ते खाली पोचतच नाही,
हवेतच त्याची वाफ होते, पांढरी,
आणि आभाळाला मिळालं असं धरून चालता येतं.

एप्रिलमध्ये मात्र पोचतं.
खाली बाट्सूख गाडीची काच पुसत वर बघतो.
मी झटकन मान आत घेते.

सासूबाई वाकून विचारतात,
"मीठ कमी नाही ना रे?"