एका मात्रेची चौकशी

तीन नावं आहेत या रीलला.
न्यूयॉर्कच्या तबकडीवर ‘गॅव्हिगनचं फाटक’,
छापील पुस्तकात ‘ओली गंजी’,
आणि कुणा मास्तरांच्या वहीत
नुसतंच ‘परवाचं’.

तबकडी खरखरते, मासळी तळावी तशी.
त्यातून फिडल वर येतं,
दुसऱ्या भागात एके ठिकाणी मात्रा गिळतं
आणि काही झालंच नाही असं पुढे धावतं.
पुस्तकवाल्याने तिथे विराम छापला, शिस्तीत.
डब्लिनची पोरं आता तो
ब्रह्मवाक्यासारखा पाळतात.

पत्ता काढत लिट्रिमला गेलो.
वादकाची मुलगी अट्रॅक्टा, वय ब्याण्णव,
चुलीत पीट सारत होती.
ऐकवलं. तिने मान तिरकी केली.
“इथे ना? इथे बाबा नाक ओढायचे.
बोटीवर धरलेली सर्दी ती,
मरेपर्यंत सुटली नाही.”

मग तोंडानेच धरली तिने धून,
चपलेचा ठेका फरशीवर,
आणि ती जागा आली तेव्हा
तिनेही नाक ओढलं,
बरोब्बर एका मात्रेचं.

परतीच्या बसमध्ये कार्ड काढलं.
रकाना: मूळ स्रोत.
कॅरिकपर्यंत पेन्सिल
हातातच राहिली.