उशिराचा दंड

बत्तीस वर्षं मोम्बासाच्या धक्क्यावर
क्रेनच्या केबिनमध्ये बसून मी जहाजं रिकामी केली.
उचलणं म्हणजे काय, ते मला कुणी शिकवायला नको होतं.
डावा दांडा पुढे, उजवा मागे, आणि वीस टन
अधांतरी, गुमान.

निवृत्त होऊन किटुईला परतलो तो
खिशात नकाशा घेऊन:
दहा हजार लिटरची टाकी, निळी,
आणि तिच्यावर पांढऱ्या अक्षरांत माझ्या आईचं नाव.

स्योंबुआनं नकाशा उलटा धरला, सुलटा केला,
घडी घालून मला परत दिला.
म्हणाली, चल, तुला पंप दाखवते.

पंपाला दांडा नव्हता.
पितळी पाटीवर कुठल्याशा लांबच्या शहराचं नाव,
पाटीखाली शेळी बांधलेली.
"वायसर गेला. अकरा वर्षं झाली.
एवढुसा." बोटाच्या पेरावर तिनं माप दाखवलं.
"माणसं चांगली होती. आमच्याबरोबर नाचलीसुद्धा.
पण वायसर कुठे मिळतो, ते कुणी सांगून गेलं नाही.
आम्हीही विचारलं नाही, खोटं कशाला बोलू.
आयत्या वस्तूला काय विचारायचं असतं?"
मग म्हणाली, मंगळवारी नदीत ये. सातला.

आमची नदी म्हणजे वाळू.
वर्षातून दोनदा पाणी येतं, धावतं,
आणि ओळख नसल्यासारखं निघून जातं.
तिथे आडवी भिंत घालायची.
भिंतीमागे वाळू साचू द्यायची, दोन पावसाळे, तीन,
आणि वाळूच्या पोटात पाणी राहू द्यायचं,
उन्हाच्या नजरेला पडणार नाही असं.

मी साडेआठला पोचलो.
(गाडी पुसत बसलो होतो. तेव्हा सांगितलं नव्हतं.)
चाळीस बायका, नऊ पुरुष,
दगड या हातातून त्या हातात सरकत होते.
कलोंडूच्या पाठीवर मूल, मुलाच्या तोंडात आंब्याची कोय.
कुणी मान वर केली नाही.
न्झिलानी तेवढी वही घेऊन आली:
उशीर. वीस शिलिंग.

मी हसलो. ती नाही हसली.
हजाराची नोट पुढे केली.
"सुटे नाहीत," म्हणाली, "घेऊन ये."
दुकान तीन किलोमीटर. चालत गेलो,
चालत आलो,
तेव्हा कुठे रांगेत एका माणसाची जागा झाली.

पहिला दगड हातात आला
आणि मला कळेना, याचा दांडा कुठला.

ऐंशी पोती सिमेंटचे पैसे त्यांनी माझ्याकडून घेतले.
मोजून. एक्क्याऐंशीवं पोतं परत पाठवलं.
"आणि टाकीचे उरलेले?"
"राहू देत तुझ्याकडे. भिंतीला तडा गेला तर
आधी आमची पेटी उघडू.
मग तुझ्या दारात येऊ. लाजायचं काय त्यात."

भिंत झाली. तिच्यावर पाटी नाही.
तिसऱ्या वर्षी, ऐन सप्टेंबरात, कलोंडूच्या मुलानं
वाळूत कोपरापर्यंत हात खुपसला
आणि ओली मूठ माझ्या तोंडासमोर उघडली.

त्या संध्याकाळी मी पुन्हा विषय काढलाच:
आईचं नाव. कोपऱ्यात, बारीक अक्षरांत, चालेल?
स्योंबुआ उठली. खाटेखालून दुसरीच एक वही काढली,
वाळवीनं कडा खाल्लेली,
डोंगरउताराला बांध घातले त्या वर्षीची.
जिभेला बोट लावून पानं उलटत गेली.
"हे बघ. आहे की."

म्बिथे. बावन्न घमेली माती.
त्याखाली, वेगळ्या शाईत:
उशीर. मुलगा तापानं फणफणलेला.
दंड पन्नास सेंट.

पुढे एक छोटीशी खूण.
भरले.