तिसरी बाटली

सकाळी नऊपर्यंत आम्ही शेतकरी होतो.
मुरघासाच्या दोन खेपा, कुरणातून गोठ्यापर्यंत,
मध्ये मैलभर डांबरी रस्ता.
तेवढ्या मैलाला कायद्याची हरकत नाही.
लाल डिझेल, सवलतीचं,
आणि सवलत दिलीय हे विसरू नये
म्हणून त्यात कालवलेला रंग.

साडेनऊला आम्ही मालवाहू झालो.
ट्रॅक्टर तोच, ट्रॉली तीच.
गेथिनने फक्त मागचं फळकूट बदललं
आणि चहा अर्धा सोडला.

ट्रॉलीत माती होती.
ओढ्याकाठच्या वावराची, तांबडी, मऊ.
त्या वावरावर आता बत्तीस घरं येणार.
बिल्डरला जमीन हवी होती, वरची माती नको होती;
ती सात मैलांवरच्या दुसऱ्या बिल्डरला हवी होती,
परसबागांसाठी.
खेपेला चाळीस पौंड.
भाऊ चालवतो, मी मांडते, बावीस वर्षं झाली.
वहीत लिहिलं: माती, खेप पहिली.
डिझेलचा रकाना कोरा ठेवला.
माहीत नव्हतं असं नाही.

लानवेर्नच्या चढाआधी, गाड्या थांबायच्या जागेत,
पिवळी जाकिटं उभी होती.
टाकीत लांब नळी, वर अंगठा, नळी बाहेर.
उजेडात धरली.
रंगेहाथ म्हणजे काय ते गेथिन सांगतो हल्ली:
हात स्वच्छ होते माझे, म्हणतो,
सकाळीच धुतले होते.

"काय नेताय?"
"माती."
"कुणाची?"
इथे तो अडला.
परवापर्यंत आमची.
काल सही झाली.

"हे शेतीचं काम आहे का?"
"माती आहे, बाई. मातीहून जास्त शेती
ती अजून काय असते?"

ती हसली नाही.
तिच्या नखांत निळा रंग होता,
मेंढ्यांच्या पाठीवर खूण करायचा.
"माझ्याकडेही साठ आहेत," ती म्हणाली,
आणि लिहीत राहिली.
मग यादीतली ओळ बोटाने दाखवली:
दगड, विटा, राडारोडा, माती.
एकाच ओळीत. मध्ये नुसते स्वल्पविराम.

"मग ही परत नेतो. वावरात टाकतो."
तिने पेन थांबवलं.
रिकामं येणं, भरलेलं येणं,
न विकलेला माल घरी आणणं...
"ते कशात बसतं
मलाही विचारावं लागेल."

विचारायला अकरा दिवस लागले.
तोवर ट्रॅक्टर त्यांच्या आवारात, ट्रॉली त्याच्या मागे,
काटेरी तारेच्या आत.
मे महिना. दोन सरी येऊन गेल्या.
दंड भरून आम्ही आणायला गेलो
तर ट्रॉलीत क्लोव्हर उगवलं होतं,
बोटभर, दाट, कडेपर्यंत.
गेथिन बघत राहिला.
"आता विचार तिला," म्हणाला,
"आता काय आहे हे."
पण त्या दिवशी ती रजेवर होती.
मेंढ्यांची लोकर उतरवायची होती म्हणे.

टाकी तीनदा धुतली.
तरी गाळणी गुलाबीच निघते.
कायद्याचा रंग पक्का असतो,
धुणाऱ्याचा साबण संपतो.

नमुन्याच्या बाटल्या तीन भरल्या होत्या:
एक प्रयोगशाळेची, एक त्यांच्या कपाटातली,
तिसरी सील करून आमच्या हातात.
ती स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवलीय,
टाकायची कुठे ते कागदावर लिहिलेलं नाही.
चारच्या सुमाराला ऊन तिच्यातून येतं
आणि ओट्यावरच्या पिठावर
हाताएवढा लाल डाग पडतो.

शेजारचा इएस्टिन अंडी घ्यायला आला,
वय वर्षं सहा.
"रास्पबेरीचं आहे?"
नाही, म्हटलं.
"मग कशाचं?"
मी अंडी मोजत होते.
दहा, अकरा.
बारावं आत कोंबडीखाली होतं,
ते आणायला गेले.