तीन तारा

डाव्या अंगठ्याचं नख अजून काळंच आहे.
सातवं चुंबक ठेवत होते, आठव्यानं झेप घेतली,
मध्ये मी.
मग अर्धा तास अंगठ्यावर गोठलेला बांगडा धरून
मी आणि पेगी-अ‍ॅन हसत बसलो.

चुंबकाला काही द्यावं लागत नाही,
ना दाणापाणी, ना कुणाचा उसना करंट.
ते आपलं असतं.
लोखंडी तबकडीवर बारा जणांची पंगत,
एकाआड एक उत्तर, दक्षिण,
समोर तशीच दुसरी तबकडी,
आणि मधल्या बोटभर फटीत
तांब्याची नऊ वेटोळी, राळेत थिजलेली.
तांबं जागचं हलत नाही.
चुंबक त्याला शिवत नाही, नुसतं पुढून जातं
आणि तांब्याच्या आत काहीतरी दचकतं,
येताना एकीकडे, जाताना दुसरीकडे.
असं सेकंदाला चाळीसदा दचकलं
की त्याला वीज म्हणायचं.

हब टॉर्कलच्या मोडीत निघालेल्या व्हॅनचा,
पाती लार्चची, रंध्यानं तासलेली.
हेब्रिडीजच्या या टोकाला एकोणीस माणसं आम्ही;
एकोणिसांसाठी समुद्राखालून केबल कोण टाकतो?

"हातानं फिरव," पेगी-अ‍ॅन म्हणाली. तारा सुट्या होत्या.
पाळण्यासारखं गेलं.
"आता तिन्ही टोकं एकत्र धरते, फिरव."
चिखलात गाडं रुतावं तसं.
"बघ गोर्मल, जेवढं मागशील तेवढं ते अडणार."
(माझा थोरला भाऊ असाच होता. असो.)

फेब्रुवारीत ती रात्र आली.
रेडिओनं सांगितलं ते कमीच सांगितलं.
गोठ्यात दोन मेंढ्या विण्याच्या बेतात, बल्ब पिवळा-पांढरा होतोय,
आणि वर खांबावर पाती नव्हतीच,
होता एक किंचाळणारा राखाडी गोल.
वाऱ्याला कोण धरणार?
मी शेडमध्ये तीन तारा हातात घेऊन उभी.
भर सोसाट्यात जोडल्या तर राळ जळेल,
तांबं वितळेल,
म्हणून थांबले.
वारासुद्धा श्वास घेतो कधीतरी.
घेतला.
तिन्ही एकत्र केल्या.

कुणी काही धरलं नव्हतं.
त्याचीच वीज त्याच्यातच फिरली
आणि त्याच्यासमोर आडवी उभी राहिली.
गोलातून पाती निघाली, एक, दोन, तीन,
मग म्हाताऱ्यासारखी वळत राहिली,
मिनिटाला एखादा फेरा,
बाहेर अख्खा मिंच खवळलेला असताना.

बॅटरीत होतं ते मेंढ्यांना दिलं. फ्रीझर बंद.
पहाटे तीन कोकरं.

"जळलं नाही ना?" पेगी-अ‍ॅननं फोनवर विचारलं.
वास तरी येत नव्हता.
मी तारा सोडवल्या. पातं जरा विचारात पडलं,
मग निघालं.

बांगडा मात्र दोनदा वितळला होता.
तो मांजराला घातला.